प्रूफ वाचून घेता, मग अंक द्यायच्या वेळी पाटी का पुसायला लावता?

थोडं मोठं लिहितोय. वेळ नसेल तर शेवटाकडे एक छोटी तपासणी सांगितली आहे, तेवढी तरी करा आणि मग पुढे सरका.

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ ऑफिसात आले. एसटीत कंडक्टर आहेत. मुलीची बारावी झाली, ॲडमिशनसाठी नॉन-क्रीमीलेअरचा दाखला पाहिजे. कागदपत्रं देऊन दहा दिवस झाले होते. केंद्रवाला आज-उद्या करत होता, सर्व्हर डाउन आहे म्हणत होता. आणि अकराव्या दिवशी म्हणाला, "कॉम्प्युटर फॉरमॅट करावा लागला, तुमचे स्कॅन गेले. सगळे कागद परत घेऊन या." सगळे कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, तीन वर्षांचं उत्पन्न, प्रतिज्ञापत्र, रेशनकार्ड. एकादशीच्या जादा गाड्या सुटायचे दिवस. रजा मागायला गेलं की डेपोत काय ऐकून घ्यावं लागतं ते एसटीवाल्यांना विचारा.

"साहेब, एवढी बातमी लावा," म्हणाले.

मी डेस्कला फोन केला. डेस्क म्हणालं, कॉम्प्युटर बिघडला ही काय बातमी आहे का? त्यांचंही बरोबर असेल. पावसाची पानं, वारीची पानं, जाहिराती. म्हणून इथे लिहितोय, इथे जागेची मारामारी नाही.

मी त्या केंद्रावर जाऊन आलो. केंद्राचं नाव लिहिणार नाही. पोरगा सव्वीस वर्षांचा आहे, मेहनती आहे, त्याला उघडं पाडून मला काही मिळवायचं नाही. त्याची गोष्ट अशी. त्याच्याकडे सातव्या पिढीचा आय-थ्री, विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार, हे त्यानं वाचलं होतं. घाबरला. विंडोज ११ घ्यावं तर कंपनीच्या यादीत इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर, त्याचं मशीन बसत नाही. नवीन मशीन म्हणजे पस्तीस-चाळीस हजार. मग कुणीतरी ओळखीच्यानं सांगितलं, "मी टाकून देतो विंडोज ११, नवीनच्याही पुढचं." आणि त्या पठ्ठ्यानं कुठलीशी स्क्रिप्ट चालवून, नियम चुकवून, त्याच्या मशीनवर इनसायडर प्रीव्ह्यू टाकला. पाचशे रुपये घेतले. डेस्कटॉपच्या उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरात 'इव्हॅल्युएशन कॉपी' असं लिहून यायचं. पोराला वाटलं, असेल काहीतरी.

तीन महिने चाललं. मग पडद्यावर सूचना यायला लागली की विंडोजची ही आवृत्ती लवकरच कालबाह्य होणार. पोरगा म्हणाला, चला, आता फायनलवर जाऊ. पेनड्राइव्हवर फायनल आणलं, लावलं, तर फाइल आणि प्रोग्राम जसेच्या तसे ठेवायचा पर्यायच चालेना. कारण प्रीव्ह्यूचा क्रमांक फायनलच्या पुढचा होता. पुढून मागे येता येत नाही. येणार असाल तर सगळं पुसून या. त्यानं पुसलं. डेस्कटॉपवरचे 'पेंडिंग' नावाच्या फोल्डरमधले सगळे स्कॅन गेले. बोटाचे ठसे घ्यायच्या मशीनची आरडी सर्व्हिस गेली. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर गेला. चार दिवस केंद्र बंद. त्या चार दिवसांत किती जण येऊन परत गेले, याची नोंद कुणाकडेच नाही.

आता तुम्ही म्हणाल, चूक त्या पोराची. सार्वजनिक कामाच्या मशीनवर प्रीव्ह्यू टाकायचाच कशाला? मान्य. शंभर टक्के मान्य. बॅकअप नाही हीसुद्धा त्याचीच चूक. पण एवढ्यावर फाइल बंद करायची असेल तर मला एक जुनी गोष्ट सांगू द्या, कारण हाच खड्डा मी स्वतः पंधरा वर्षांपूर्वी बघितलाय. बघितलाय कसला, त्यात पडलोय.

२००९ ची दिवाळी. मी तेव्हा एका साप्ताहिकात होतो. संपादक, बातमीदार, प्रूफरीडर आणि वेळ पडली तर गठ्ठे बांधणारा, सगळं मीच. मालकांनी पाडव्याच्या मुहूर्तावर जिल्ह्याच्या ठिकाणाहून नवा कॉम्प्युटर आणला. दुकानदारानं त्यात 'विंडोज ७' टाकून दिलेलं. काचेसारख्या चकचकीत खिडक्या, आम्ही खूश. खरं तर तिथंच डोक्यात ट्यूब पेटायला हवी होती. लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला होतं आणि विंडोज ७ बाजारात आलं २२ ऑक्टोबरला. बाजारात यायच्या आधी आमच्या तालुक्यात कुठून आलं? पत्रकारितेचा डिप्लोमा केलेल्या माणसाला तारखा जुळवून बघता येऊ नयेत, ही माझी लाज.

ते होतं 'रिलीज कँडिडेट'. म्हणजे फायनलच्या आधीचा शेवटचा खर्डा, कंपनीनं चाचणीसाठी लोकांना फुकट उतरवून घ्यायला दिलेला. दुकानदारानं त्याची सीडी करून आम्हाला विकला. कंपनीनं तारखा आधीच जाहीर केलेल्या होत्या, हे कबूल केलं पाहिजे. १ मार्च २०१० पासून मशीन दर दोन तासांनी आपोआप बंद होणार आणि १ जून २०१० ला मुदत संपणार. फेब्रुवारीपासून पडद्यावर इशारेही येत होते. इंग्रजी इशारा आला की 'ओके' दाबायचं, हे आमचं कॉम्प्युटरचं शिक्षण.

१ मार्चपासून सुरू झालं. १६ मार्चला गुढीपाडवा. पाडवा अंक म्हणजे साप्ताहिकाचं अर्ध्या वर्षाचं पोट. पतसंस्था, सराफ, ट्रॅक्टरची शोरूम, सगळ्यांच्या जाहिराती त्यातच. आणि इकडे दर दोन तासांनी पडदा काळा. सेव्ह केलेलं नसेल ते गेलं. वर लोडशेडिंग. लोडशेडिंगचं निदान वेळापत्रक असायचं. आम्ही भिंतीवरचं घड्याळ काढून मॉनिटरशेजारी ठेवलं. पावणेदोन तास झाले की मालक आतून ओरडायचे, "अरे सेव्ह कर रे, मरतंय आता ते!" एका सराफाची अर्ध्या पानाची जाहिरात मी तीनदा लावली. तिसऱ्यांदा त्यांच्या आडनावातली वेलांटी चुकली आणि अंक तसाच छापला गेला. त्या जाहिरातीचे पैसे आजतागायत आलेले नाहीत.

अंक निघाल्यावर फायनल टाकायला दुकानदाराला बोलावलं. तो म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल." एका शब्दात मोकळा झाला. पण तालुक्याच्या प्रेसमध्ये फॉरमॅट मारणं म्हणजे काय असतं? पेजमेकर पुन्हा टाका, त्याची सीडी शोधा. मराठी फाँट पुन्हा टाका. तेव्हा युनिकोड आमच्यापर्यंत आलेलं नव्हतं, ज्या सॉफ्टवेअरचे फाँट त्यातच मजकूर दिसणार, नाहीतर सगळी इंग्रजी अक्षरांची भेळ. त्या मराठी सॉफ्टवेअरचं कुलूप म्हणजे यूएसबीत खोचायचं डाँगल, त्याचा ड्रायव्हर वेगळा. स्कॅनरचा वेगळा. ट्रेसिंगवर काढायच्या लेझर प्रिंटरचा वेगळा, आणि तो कंपनीनं बंद केलेला. पुण्या-मुंबईत 'क्लीन इन्स्टॉल' हा दोन तासांचा खेळ असेल. आमच्याकडे ती आठवड्याची साडेसाती असते. आणि आज त्या केंद्रावरच्या पोराची तीच गत झाली, फक्त पेजमेकरच्या जागी आरडी सर्व्हिस आली आणि डाँगलच्या जागी सहीचं टोकन.

आता मुद्द्यावर येतो. माझा राग प्रीव्ह्यूवर नाही. प्रीव्ह्यू हवाच. आमच्या धंद्यात त्याला प्रूफ म्हणतात. प्रूफ निघतं, कुणीतरी ते डोळ्यात तेल घालून वाचतं, चुका काढतं, मग अंक छापतात. प्रूफ वाचणाऱ्याला पगार असतो. तुटपुंजा असतो, पण असतो. आणि अंक निघाला की पहिली प्रत त्याच्या हातात येते. "तू प्रूफ वाचलंस ना, मग तुझ्या घरातली सगळी पुस्तकं बाहेर फेक, तेव्हाच तुला अंक देतो," असं कुठल्याही मालकानं प्रूफरीडरला आजवर म्हटलेलं नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात मात्र हे राजरोस चालतं आणि आपण त्याला तांत्रिक अडचण म्हणून मान डोलावतो.

यात खरी तांत्रिक अडचण किती, तेही बघू. २००९ मध्ये बीटावरून रिलीज कँडिडेटवर जायची वेळ आली तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी जाहीर लिहिलं होतं की आधी व्हिस्टावर परत जा आणि तिथून वर या. कारण असं दिलं की बाजारातला खरा गिऱ्हाईक व्हिस्टावरून येणार, बीटावरून नाही. तेव्हा आम्हाला व्हिस्टाचा रस्ता तपासायचा आहे. म्हणजे तुम्ही महिनोन्महिने आमची चाचणी केलीत, आता शेवटची चाचणीसुद्धा आमच्या सोयीनं करा. पण गंमत पुढे आहे. त्याच लेखात त्यांनी पळवाटही सांगितली. डीव्हीडीतल्या सगळ्या फाइल कॉपी करा, 'सोर्सेस' फोल्डरमध्ये सीव्हर्जन डॉट आयएनआय नावाची फाइल आहे, ती नोटपॅडमध्ये उघडा, त्यात किमान आवृत्तीचा जो आकडा आहे तो बदलून आपल्या बीटाच्या क्रमांकाखाली आणा, सेव्ह करा, मग सेटअप चालवा. चाललं! नोटपॅडमधला एक आकडा, एवढंच कुलूप होतं ते. कुलूप लावण्यामागचं कारण खोटं होतं असं मी म्हणत नाही. जुन्या खर्ड्याचे अवशेष राहतात, पुढे कटकटी होतात, हे खरं असू शकतं. पण ज्याला इंग्रजी लेख वाचता आला त्याचं घर वाचलं आणि ज्याला नाही वाचता आला त्याला फॉरमॅट. हा भेद मला मान्य नाही.

आणि दुसऱ्यांना जमतं, हे तर आणखी बोचरं. उबुंटूचा बीटा टाका, रोजचे अपडेट घेत राहा, ज्या दिवशी फायनल येतं त्या दिवशी तुमचं मशीन आपोआप फायनल झालेलं असतं. पुसायचं काही नाही. ॲपलनं २०१४ मध्ये योसेमिटीचा बीटा पहिल्या १० लाख लोकांसाठी खुला केला, त्यांना फायनल नेहमीच्या अपडेटसारखं मिळालं. त्याच ॲपलनं २००० च्या सप्टेंबरात मॅक ओएस टेनचा बीटा चक्क २९.९५ डॉलरला विकला होता. चाचणी करायचे पैसे गिऱ्हाइकाकडूनच! पण २००१ च्या मार्चमध्ये १२९ डॉलरचं फायनल आलं तेव्हा बीटा घेतलेल्यांना ३० डॉलर सूट दिली. बनियाच हिशोब, पण हिशोब तरी होता. (आता कमेंटमध्ये येऊन "मग लिनक्स वापरा ना" म्हणणाऱ्या मित्रांनो, त्या केंद्रावरच्या ठसे मशीनचा आणि टोकनचा ड्रायव्हर तुम्ही येऊन लिनक्सवर चालवून द्या, चहा माझ्याकडून.)

मायक्रोसॉफ्टचं पुढचं वागणंही बघा, कारण यात शब्दांचा खेळ आहे आणि शब्द हा माझा धंदा आहे. विंडोज ८ चा कन्झ्युमर प्रीव्ह्यू आला २९ फेब्रुवारी २०१२ ला. नावातच 'कन्झ्युमर'. म्हणजे चाचणी करणारा अभियंता नाही, गिऱ्हाईक. फायनल २६ ऑक्टोबरला आलं आणि २०१३ च्या जानेवारीत प्रीव्ह्यूची मुदत संपली. नाव गिऱ्हाइकाचं आणि नियम मजुराचे.

मग विंडोज १०. ३० सप्टेंबर २०१४ ला घोषणा, इनसायडर नावाचा कार्यक्रम, ५० लाखांहून जास्त लोक त्यात आले असं कंपनीनंच सांगितलं. जून २०१५ मध्ये या कार्यक्रमाचा चेहरा असलेल्या गेब ऑल यांनी लिहिलं की प्रीव्ह्यू चालवणाऱ्या इनसायडरांना फायनल मिळेल आणि ते ॲक्टिव्हेटेड राहील. जगभर बातम्या झाल्या: चाचणी करा, विंडोज फुकट मिळवा. मग त्या मजकुरातून ॲक्टिव्हेशनचे शब्द गायब झाले आणि खुलासा आला की मुळात अस्सल विंडोज ७ किंवा ८.१ होतं त्यांनाच खरं लायसन्स, बाकीच्यांनी इनसायडर राहा, म्हणजे पुढचे प्रीव्ह्यू तपासत राहा. मी बातमीत एक शब्द बदलला तर दुसऱ्या दिवशी पान दोनवर चौकट टाकून दिलगिरी छापावी लागते.

२०२१ मध्ये त्याच्याही पुढे गेले. विंडोज ११ चे सुरुवातीचे प्रीव्ह्यू त्यांनी जुन्या, नियमात न बसणाऱ्या मशीनवरही चालवू दिले. लोकांनी ते चालवले आणि चुका कळवल्या. ५ ऑक्टोबरचं फायनल जवळ आल्यावर त्याच मशीनवर संदेश, तुमचा पीसी किमान अटी पूर्ण करत नाही, विंडोज १० टाका. धाब्यावर भांडी घासून घ्यायची आणि पंगत बसली की म्हणायचं, तुमचं ताट नाही.

"पण फुकट होतं ना भाऊ?" हे वाक्य कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच बोलतो. फुकट नव्हतं. प्रीव्ह्यू घ्यायचा तर मशीनची जास्तीत जास्त निदान-माहिती कंपनीला पाठवायला होकार द्यावा लागतो, ती अटच आहे. आपला वेळ जातो तो वेगळा. त्या बदल्यात काय मिळतं? २०१८ मध्ये काय झालं ते सांगतो. २ ऑक्टोबरला विंडोज १० चं मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फाइलच उडाल्या. तीन-चार दिवसांत कंपनीला ते अपडेट थांबवावं लागलं. नंतर कळलं की फाइल उडताहेत अशा तक्रारी इनसायडरांनी अपडेट यायच्या आधीच नोंदवल्या होत्या. ढिगाऱ्यात बुडाल्या, कुणी वाचल्या नाहीत. कंपनी म्हणाली, अशा तक्रारींचं प्रमाण एक टक्क्याचा शंभरावा भाग आहे. कोट्यवधी मशीन असताना एक टक्क्याचा शंभरावा भाग म्हणजे किती माणसं, ते ज्याचं त्यानं काढावं. १३ नोव्हेंबरला अपडेट पुन्हा सोडलं. तर प्रूफरीडरनं लाल पेनानं गोल करून दिलेली चूक तशीच छापली, असा तो प्रकार होता. आमच्या सराफाची वेलांटी तरी मी घाईत चुकवली होती, कुणी आधी दाखवून दिलेली नव्हती.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या कंपनीचं रडगाणं तालुक्यात कशाला? तर ही सवय आता फक्त कंपन्यांची राहिलेली नाही, म्हणून. जीएसटी आठवा. १ जुलै २०१७. व्यापाऱ्यांना तीन विवरणपत्रं भरायची होती, एक, दोन आणि तीन. पोर्टल तयार नव्हतं, म्हणून जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांपुरतं तात्पुरतं 'थ्री-बी' आणलं. प्रीव्ह्यूच तो. दोन आणि तीन नंबरची विवरणपत्रं त्याच नोव्हेंबरात स्थगित झाली ती कायमची. तात्पुरतं थ्री-बी आठ वर्षांनंतरही भरतोय. आमच्या बाजारपेठेतले किराणावाले तेव्हा रात्री एक-दीडला उठून साइट उघडते का बघायचे, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. व्यवस्था तपासून कोण देत होतं? ते किराणावाले. पगार? उलट लेट फी त्यांनाच.

चाचणी करायला माणूस लागतो, आणि तो आता सगळीकडे आपणच असतो. केंद्रावर रांगेत उभा राहणारा कंडक्टरसुद्धा, त्याला पत्ताही नसताना. त्या पोरानं निदान स्वतःच्या मशीनवर प्रीव्ह्यू टाकून घेतला होता. कंडक्टरसाहेबांनी कशावर 'ओके' दाबलं होतं?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ज्याला खर्डा वाटायचा आहे त्यानं वाटताना परतीचा रस्ता सांगावा. कोपऱ्यात बारीक इंग्रजीत नाही, उघडल्या उघडल्या, वापरणाऱ्याच्या भाषेत: हा खर्डा आहे, अमुक तारखेला बंद पडेल, यातून बाहेर पडताना तुमचं सगळं पुसावं लागेल. पुसावं लागणार नसेल असा रस्ता शक्य असेल, आणि उबुंटूनं तो शक्य आहे हे दाखवलंय, तर तो द्यावा. औषधाच्या बाटलीवर एक्सपायरी छापायची सक्ती आहे, मग ज्या यंत्रावर माणसाचा दाखला अवलंबून आहे त्याला ती का नको? आणि आपल्या प्रशासनानं एवढं तरी करावं की ज्या मशीनवरून दाखले, उतारे, आधारची कामं होतात तिथे अर्धवट आवृत्ती चालणार नाही असा एका ओळीचा आदेश काढावा, आणि वर्षातून एकदा कुणीतरी जाऊन बघावं. केंद्राच्या दरपत्रकाचा फलक लावलाय का ते बघायला माणूस येतो ना? तोच बघेल.

विंडोज १० वाल्यांना आणखी एक. १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला म्हणून तुमचं मशीन बंद पडत नाही. सुरक्षेचे नेहमीचे अपडेट येणं थांबलं, आणि कंपनीनं त्यापुढे वर्षभर ते मिळण्याची वेगळी सोयही जाहीर केली होती. घाबरून पाचशे रुपयांत कुणाकडून काही टाकून घेऊ नका.

आता ती तपासणी. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येईल. त्यात इंग्रजीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही सहा अक्षरं टाइप करा, एंटर मारा. एक खिडकी उघडेल. त्यात 'इव्हॅल्युएशन कॉपी' आणि 'एक्स्पायर्स' असं लिहून पुढे तारीख दिसली, तर तुम्ही खर्ड्यावर आहात. फॉरमॅट मारायच्या आधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळं पेनड्राइव्हवर काढून घ्या. टोकनचा आणि ठसे मशीनचा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा. मगच हात लावा.

मी काल बाजारपेठेत चहा पीत पीत सहा ठिकाणी ही सहा अक्षरं टाइप करून बघितली. झेरॉक्सवाले, दोन केंद्रं, एक पतसंस्था, एक टायपिंग क्लास, एक फोटो स्टुडिओ. स्टुडिओतल्या मशीनवर तारीख दिसली. सप्टेंबरची. त्यात लग्नाच्या दोन सीझनचे फोटो आहेत. त्याला रात्रीच हार्ड डिस्क घ्यायला सांगून आलोय.

कंडक्टरसाहेबांनी सोमवारी कागद पुन्हा नेऊन दिले, अर्ज त्याच दिवशी वर गेला, दाखला काल निघाला. त्यांच्या दोन रजा गेल्या. केंद्रवाल्या पोरानं दुसऱ्यांदा स्कॅनिंगचे पैसे घेतले नाहीत, तेही लिहिलं पाहिजे.